मोठ्या बाईंचा युनिफॉर्म

मास्तर घाईत नाहीत असं कधी कुणी पाहिलंच नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे युनिफॉर्म शिवले. शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आणि गळ्यात टेप, कानामागे खडू, तोंडात चार टाचण्या अशा अवतारात मास्तर एकाच वेळी तीन आयांशी भांडत असायचे. मग बाजारात तयार युनिफॉर्म आले, शाळांनी तेच घ्यायला लावले, आणि दुकानाचं शटर एकदा खाली आलं ते आलंच. त्याला सहा वर्षं झाली. टेप मात्र अजून गळ्यातच. अंघोळीला जाताना तेवढी खुंटीवर.

असा माणूस घरात रिकामा बसला तर भिंती मोजत सुटेल, हे आक्कानं आठवड्यातच ओळखलं. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, सारा जन्म इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेलेला, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. दोघं बहीणभाऊ दोन खोल्यांच्या घरात राहायची, मागे हातभर अंगण. एके दिवशी तिनं मास्तरांना हाताला धरून प्राण्यांच्या आसऱ्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पिल्लं काय, कुणीही नेतं. म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही. कुणाचे डोळे गेलेत, कुणाचे पाय, कुणाचं हृदय अधू. पिंजऱ्यात झुरून जातात हो. घरी नेऊन सांभाळाल? औषधं आम्ही देऊ. बरी होतील असं मी म्हणत नाही. असतील तेवढे दिवस घरात जातील, एवढंच."

"आणा," मास्तर म्हणाले. "माप घेतो."

झालं! तेव्हापासून एकामागून एक अकरा म्हातारी कुत्री त्या घरात राहून गेली. आंधळं होतं, बहिरं होतं, तीन पायांचं होतं, एकाला तर दिवसातून चार वेळा औषध आणि दोन वेळा इंजेक्शन. मास्तर प्रत्येकाला जुन्या चादरीतून पाठीवर मूठ असलेला पट्टा शिवून द्यायचे, म्हणजे लुळ्या पायाच्या जिवाला पिशवीसारखं उचलून अंगणात नेता यायचं. आणि माप लिहायचे ते थेट दुकानाच्या जुन्या मापवहीत. पुढच्या पानांवर शाळेची मुलं, मागच्या कोऱ्या पानांवर कुत्री.

फक्त या मागच्या पानांवर एक गोष्ट उलटी होती. मुलांची मापं दरवर्षी चढायची. छाती चोवीस, मग पंचवीस, मग साडेसव्वीस, आणि मास्तर मिश्किलपणे विचारायचे, "काय रे, खत घालतात का तुला घरी?" कुत्र्यांची मापं मात्र उतरायची. चोवीस, तेवीस, साडेबावीस. आणि मग पुढे काही नाही. अकरा पानं, अकराही तशीच. प्रत्येक वेळी मास्तर मशीनकडे तोंड करून लहान मुलासारखे रडायचे, आणि आक्का भांडी मोठ्यानं आदळायची, म्हणजे तिचं रडणं कुणाला ऐकू येऊ नये.

बारावी आली ती एका मंगळवारी. म्हणजे आली कसली, आसऱ्यात भाजीच्या क्रेटमध्ये आडवी पडली होती. तेरा वर्षांची. मागचे दोन्ही पाय लुळे, हृदय कमजोर, पोटाखाली लिंबाएवढी गाठ, आणि बरगड्या अशा की लांबूनच मोजून घ्याव्यात.

"कुठली ही?" मास्तरांनी विचारलं.

"कारखान्याच्या फाटकावरची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जन्मभर तिथल्या पहारेकऱ्यापाशी होती. कारखाना बंद पडला, मशीनं विकली, पहारेकरीही गेला. ही तिथेच बसून राहिली."

"कसला कारखाना?"

"तयार कपड्यांचा. शाळेचे युनिफॉर्म शिवायचे बहुतेक."

"वा! वा, वा!" मास्तर क्रेटभोवती गरागरा फिरले. "ज्यांनी माझ्या पोटावर पाय दिला त्यांची कुत्री, आणि आता मी हिच्या पोटाचं बघायचं?"

"नाही नेणार का मग?"

"असं कुठं म्हटलं मी?" मास्तर खेकसले आणि गळ्यातली टेप काढून खाली बसले. माप घेताना तिनं मान वर केली आणि त्यांच्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मास्तरांनी नकळत कानामागचा खडू काढून खिशात टाकला. "अरे बापरे! ही तर मोठ्या बाई! शाळेत मापं घ्यायला गेलं की मुख्याध्यापिका अश्शाच बघायच्या, आता छडी काढतात का काय म्हणून."

तेव्हापासून ती "ती" राहिलीच नाही. मोठ्या बाई आल्या, मोठ्या बाई झोपल्या, मोठ्या बाईंना अंगणात जायचंय.

शुक्रवारपर्यंत त्यांना सलाईन लावून तिथेच ठेवलं. तेवढ्या तीन दिवसांत मास्तरांनी पट्टा शिवायला घेतला. पण जुन्या चादरी संपल्या होत्या. मग माळ्यावरून दुकानातला उरलेला निळा कपडा निघाला, युनिफॉर्मचा, घट्ट विणीचा, आणि मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. नुसता पट्टा कसला, पोटाखालून बंद होणारा अंगभर कोटच शिवायचा, वर दोन मुठी! कात्री चालली, मशीन धडधडलं. त्या मशीनला मोटर बसवलेली, आवाज असा की पलीकडच्या घरातली कपबशी नाचावी. शुक्रवारी संध्याकाळी कोट तयार.

आक्कानं चष्मा लावून तो उलटसुलट केला, आतली शिवण बोटानं चाचपली आणि कपाळावर हात मारला. "बाळ्या! हे काय?"

"काय?"

"दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कापड आत दुमडून ठेवलंयस. वाढत्या अंगासाठी! या काय पुढच्या वर्षी आठवीत जाणार आहेत?"

मास्तरांनी बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. चाळीस वर्षांची सवय. मुलाच्या कपड्यात दोन इंच माया ठेवायचीच, पोर वाढलं की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. निळा कपडा हातात आला आणि हात आपोआप शाळेत गेला. अकरा पट्ट्यांत कधी झालं नव्हतं ते. "उसवतो," ते पुटपुटले. पण तेवढ्यात गाडी आली, मोठ्या बाई दारात उतरल्या, आणि उसवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

डॉक्टरीणबाई बरोबर आल्या होत्या. दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं, "नीट ऐका मास्तर. गाठ वाढतेय, काढायला हवी. पण आज वजन आहे साडेतेरा किलो, या अंगाला भूल झेपायची नाही. पंधराच्या खाली मी सुई टोचणार नाही. आणि फार थांबताही येणार नाही. चार शुक्रवार. चौथ्या शुक्रवारी काटा पंधराला लागला तर ऑपरेशन. नाही तर..."

"नाही तर नाही," आक्का मध्येच म्हणाली. "कळलं. चार शुक्रवार म्हणजे पुष्कळ झाले. तीनशे रोग्यांना जेवू घातलंय मी."

"आणखी एक. हृदय अधू आहे, पोटात पाणी साठू शकतं. पोट फुगलेलं दिसलं तर तडक घेऊन या. पाण्यानंही काटा चढतो, पण ते वजन नव्हे."

आक्कानं पदर खोचला. उकडलेली कोंबडी झाली, भोपळा घालून मऊ भात झाला, अंडं झालं, हातानं भरवून झालं. मोठ्या बाईंनी वाटीकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. दिवसभरात जेमतेम चार घास, तेही उपकार केल्यासारखे. आक्काचा पारा चढला. "इस्पितळातली मरणाच्या दारातली माणसं माझ्या हातचं मागून खायची, आणि या बघा!" तिनं चढ्या आवाजात सांगितलं, आणि मग मोरीत जाऊन डोळे पुसले.

पहिल्या शुक्रवारी मास्तरांनी मोठ्या बाईंना शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या बाबागाडीत बसवलं आणि निघाले. रस्त्यात एक बाई वाकून आत बघायला गेल्या. "नातू का? कुणावर गेलाय?"

"आमच्या आक्कावर," मास्तर म्हणाले आणि गाडी ढकलत सुटले.

पण काट्यावर हसू मावळलं. तेरा किलो दोनशे. वाढायचं सोडाच, तीनशे ग्रॅम गेले. परतताना आक्कानंच गाडी ढकलली. मास्तरांना डोळ्यांसमोर वहीचं बारावं पान दिसत होतं.

आणि शनिवारी सकाळी ते घडलं! कोटाची एक मूठ आक्काच्या ओढाताणीत उसवली होती. मास्तर ती शिवायला मशीनवर बसले. मोठ्या बाई शेजारी गादीवर, समोर सकाळपासून भरलेली वाटी. मशीन सुरू झालं. खडखडखडखड. दोन मिनिटांनी मास्तरांना वाटलं, काहीतरी ओलं वाजतंय. चप, चप, चप. त्यांनी मशीन थांबवलं. आवाज बंद. वळून बघितलं तर मोठ्या बाई वाटीवर मान धरून स्तब्ध, आणि नाकाला भात!

मास्तरांनी हळूच पाय दाबला. खडखडखड. चप चप चप. पाय काढला. शांत.

"आक्का!" ते असे ओरडले की आक्का हातातलं पातेलं घेऊनच धावत आली. "आक्का, जेवतायत! मशीन चालू असलं की जेवतायत!"

"मग थांबलास कशाला मेल्या? चालव!"

"मूठ शिवून झाली!"

"रिकामं चालव!"

"रिकामं मशीन चालवत नसतात, कापड ओढणारे खालचे दात झिजतात..."

"तुझे दात मी झिजवीन! घाल काहीतरी!" आणि आक्कानं हाताला येईल ते पुढे फेकायला सुरुवात केली. हातपुसणं, उशीचा अभ्रा, खिडकीला लटकलेल्या पडद्याचं टोकसुद्धा. मास्तर एकाला एक जोडत सुटले. वाटी चाटूनपुसून साफ झाली तेव्हा पडदा अभ्र्याला, अभ्रा हातपुसण्याला, आणि हातपुसणं मास्तरांच्या स्वतःच्या सदऱ्याला शिवलेलं होतं. मास्तर उठायला गेले तर खिडकीही बरोबर निघाली. आक्का हसून हसून खालीच बसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

कोडं मुळीच अवघड नव्हतं. जन्मभर जिनं शेकडो मशीनच्या आवाजात पहारेकऱ्याच्या डब्यातला घास खाल्ला, तिला हे शांत घर म्हणजे बंद पडलेला कारखाना. मशीनं चालू तर सगळं ठीक, मशीनं बंद तर काहीतरी वाईट झालं. एवढंच बिचारीचं म्हणणं होतं. आणि आपण तिच्या हट्टाला नावं ठेवतोय!

मग काय विचारता! दिवसातून चार वेळा जेवण, चार वेळा मशीन. मास्तरांनी आसऱ्यातल्या सगळ्या लुळ्यापांगळ्या कुत्र्यांची मापं मागवून घेतली आणि पट्ट्यांचा सपाटाच लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, अहो पुरे! आता कुत्र्यांपेक्षा पट्टे जास्त झालेत." मास्तर म्हणाले, "त्याला माझा इलाज नाही, मोठ्या बाई हल्ली दुसऱ्यांदा वाढून घेतात."

दुसऱ्या शुक्रवारी तेरा किलो आठशे. मास्तरांनी काट्याशेजारी उडी मारली, तर काटा हलला आणि पुन्हा वजन करावं लागलं. तिसऱ्या शुक्रवारी साडेचौदा. आता मोठ्या बाई पुढच्या दोन पायांवर उठून बसायच्या, मास्तरांनी कोटाच्या मुठी धरल्या की अंगणभर तुरुतुरु पळायच्या, आणि मास्तर मागून धापा टाकत, "अहो बाई, हळू! माझी मधली सुट्टी कधी?"

चौथ्या शुक्रवारी सकाळी मास्तर मोठ्या बाईंना कोट घालायला बसले. रोजचा धुऊन धुऊन विटलेला निळा कोट. पोटाखाली दोन्ही बाजू ओढल्या, पण त्या एकमेकींना लागेनात. पुन्हा ओढल्या. नखभर अंतर राहिलंच. काल संध्याकाळी ओढूनताणून का होईना, लागला होता.

मास्तरांनी कोट खाली ठेवला. "आक्का," ते म्हणाले. "पोट फुगलंय."

आक्का चुलीवरचं सोडून आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच. म्हणजे तेरा आठशे आणि साडेचौदा, त्या उड्या, ते हसणं, सगळं पाणीच होतं की काय? आक्कानं मोठ्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या बाई मशीनकडे बघत होत्या. जेवायची वेळ झाली होती ना.

मास्तर उठले, दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि दारातच थबकले. त्यांचा हात गळ्यातल्या टेपवर होता.

"थांब," ते म्हणाले. "थांब, थांब, थांब. वही काढ."

"आत्ता वही कसली? गाडी काढ!"

"वही काढ आक्का! पाणी साठलं तर कुठं साठेल?"

"पोटात."

"पोटातच ना? मानेत तर नाही?" आणि मास्तर चपलांसकट गुडघ्यांवर बसले. पहिली टेप मानेला. "मंगळवारी आल्या तेव्हा किती होती?"

आक्कानं बारावं पान उघडलं. "साडेबारा."

"सव्वातेरा! आता छाती."

"बावीस."

"साडेतेवीस! पुढच्या पायाची मांडी?"

"सात."

"आठाला टेकली! आक्का, आठाला टेकली! आता पोट बघ. छाती दीड इंच वाढली, पोट पावणेदोन. सगळीकडून सारखं वाढलंय! पाणी कधी मानेला चढतं का गं? चाळीस वर्षं मापं घेतली मी, कुठलं पोर सुजलंय आणि कुठलं वाढलंय ते मला कळणार नाही? वाढल्यात! मोठ्या बाई वाढल्यात!"

आक्का म्हणाली, "ते डॉक्टरांना ठरवू दे, तू गाडी ढकल." पण तिचा आवाज रडका झाला होता, आणि चपला तिनं डाव्याच्या उजव्या घातल्या होत्या.

बाबागाडी त्या दिवशी रस्त्यावरून गेली म्हणजे उडालीच. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, ठोकून बघितलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मास्तर श्वास धरून उभे. आक्कानं त्यांचा दंड इतका घट्ट पकडला होता की नंतर चार दिवस वण राहिला.

"पाणी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चला, काट्यावर."

काटा हलला, डुलला, थांबला. पंधरा किलो शंभर.

कुणी काही बोलायच्या आत आक्कानं डॉक्टरीणबाईंनाच मिठी मारली. मास्तरांना हसावं का रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मोठ्या बाई काट्यावर बसून सगळ्यांकडे बघत होत्या, हा काय वर्गात गोंधळ चाललाय, अशा नजरेनं.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. रविवारी दुपारी मास्तर खिडकीशी बसले, कोट उलटा केला आणि ब्लेडच्या टोकानं ती दोन इंचांची शिवण एकेक टाका करून उसवली. दुमडलेला कपडा बाहेर आला. बाहेरचा सगळा कोट धुऊन फिका पडलेला, आणि ही दोन बोटांची पट्टी नवीकोरी, गडद निळी. शाळा उघडल्या की मुलांच्या कपड्यांवर अशी पट्टी दिसायची. ज्याच्या अंगावर दिसेल ते पोर वाढलं असं समजायचं. मास्तरांनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग वही घेतली, आणि बाराव्या पानावर बावीसच्या खाली साडेतेवीस लिहिलं. कुत्र्यांच्या पानांवर पहिल्यांदाच आकडा चढला होता.

सोमवारी दोन तास ती दोघं आसऱ्याच्या बाकावर बसली. मास्तरांनी तेवढ्यात बाक, दार आणि खिडकी मोजली. आक्कानं एकदाही टोकलं नाही. मग दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई तोंडावरचा रुमाल खाली करत म्हणाल्या, "निघाली. सगळी निघाली. शुद्धीवर येतायत. आणि मास्तर, एखादं मशीन आणून ठेवता का इथं? उठल्या की काहीतरी खायला द्यावं लागेल."

आठ दिवसांनी मोठ्या बाई घरी आल्या, पोटावर टाक्यांची रांग घेऊन. जुना कोट टाक्यांना घासत होता, तेव्हा नवा शिवायला हवा होता. मास्तरांनी निळा कपडा पसरला, खडूनं रेघा ओढल्या आणि कात्री उचलली. आक्का चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली.

"शिवणीला किती ठेवतोयस?"

"अर्धा इंच. पुरे झाला."

"दोन ठेव."

मास्तरांनी वर बघितलं. "अगं आक्का, तेरा वर्षांच्या आहेत त्या."

"मला वय सांगू नकोस. दोन इंच ठेव म्हणते ना," आक्का म्हणाली, आणि भाताची वाटी मोठ्या बाईंपुढे सरकवली. "आणि मशीन सुरू कर लवकर. खोळंबल्यात त्या."